मक्याचं मळणीयंत्र घेताय? आधी मशीनच्या मागे जाऊन बसा

सिल्लोड, कन्नड, भोकरदनच्या पट्ट्यात दिवाळीच्या आसपास कणसांचे ढीग लागतात आणि गावोगावच्या वर्कशॉपमध्ये मका काढायच्या मशीन रंगवून उभ्या राहतात. मिस्त्रीला काहीही विचारा, उत्तर एकच: "ताशी वीस क्विंटल!" वेग खोटा नसेलही. पण किती दाणा फुटला, किती बुरकुंडाला, म्हणजे कणसाच्या मधल्या दांड्याला, चिकटून राहिला आणि किती भुश्शात उडाला, हे त्या वीसमध्ये येत नाही. ते आपण मोजायचं. त्याला एक सकाळ, वजनकाटा, ताडपत्री आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं.

कणसं आपल्याच ढिगातली घ्या. वर्कशॉपवरची खडखडीत वाळलेली कणसं कुठल्याही मशीनमधून छान निघतात. ओल अंदाजायला कोरड्या काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा दाणे आणि दोन-तीन चमचे कोरडं मीठ टाका, मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल साधारण 15 टक्क्यांच्या वर आहे. अडत्याकडे ओलावा मोजायचं यंत्र असेल तर आकडाच मिळेल. तो लिहून ठेवा, कारण ओल न लिहिता केलेली दोन मशीनची तुलना फुकट जाते.

मशीन पाच मिनिटं रिकामी चालवा. थरथर, पट्ट्याचं घसरणं, बेअरिंगचा आवाज इथेच कळतो. दाणे सोलणाऱ्या ड्रमचे फेरेही काढता येतात: ट्रॅक्टरच्या पीटीओला, म्हणजे यंत्र फिरवणाऱ्या दांड्याला, मिनिटाला 540 फेरे, त्यावरची चाकी 18 इंची आणि ड्रमची 12 इंची असेल तर ड्रम 810 फेऱ्यांवर फिरतो. पट्टा घसरला तर थोडे कमी.

आता खरी चाचणी. 120 किलो कणसं मोजून घ्या. पंख्याच्या तोंडासमोर मोठी ताडपत्री अंथरा, बुरकुंडं पडतात तिथे दुसरी. मशीन पूर्ण वेगात आल्यावर पहिलं कणीस टाकताना घड्याळ सुरू करा आणि शेवटचा दाणा पडल्यावर बंद. टाकणारा माणूस रोजचाच असू द्या, मिस्त्रीचा तरबेज गडी नको. मग तीन वजनं करा: दाणा पडायच्या तोंडातून आलेला साफ दाणा, ताडपत्रीवरच्या भुश्शातून निवडलेला दाणा, आणि बुरकुंडं हाताने सोलून निघालेला दाणा. हे निवडणं कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. सगळा हिशोब तिथेच आहे.

समजा 92.4 किलो दाणा तोंडातून आला, 1.1 किलो उडालेला सापडला, 1.5 किलो बुरकुंडावर राहिला. एकूण 95. म्हणजे 2.6 किलो हातचं गेलं, 2.7 टक्के. वेळ पाच मिनिटं लागला असेल तर काम ताशी 11 क्विंटल, वीस नव्हे. एकरी 25 क्विंटल पिकाला हे नुकसान सुमारे 68 किलो भरतं. 2025-26 च्या 2,400 रुपये हमीभावाने 1,600 रुपयांहून अधिक, तेही एका एकरात.

फुटीसाठी साफ दाण्याच्या ढिगातून चार ठिकाणचा मिळून अर्धा किलो घ्या आणि फुटके वेगळे करा. 14 ग्रॅम निघाले तर 2.8 टक्के. माझ्या मते दोनच्या वर गेलं की मिस्त्रीशी बोलायला हवं. फूट जास्त असेल तर बहुधा ड्रम जास्त जोरात आहे किंवा ड्रम आणि जाळीतलं अंतर कमी. दाणा बुरकुंडावर राहत असेल तर उलटं, नाहीतर कणसं ओली. साफ दाणा भुश्शाबरोबर उडत असेल तर पंख्याची हवा कमी करून पुन्हा बघा. चाकी बदलणं, जाळी सरकवणं ही कामं वर्कशॉपमध्येच होतात, म्हणून ती पैसे देण्याआधी करून घ्या.

डिझेलचा खर्च सोपा: टाकी काठोकाठ भरा, तासभर चालवा, पुन्हा मापाने काठोकाठ भरा.

एक गोष्ट आकड्यात बसत नाही. कणसं टाकायचा घसरा लांब आणि वरून झाकलेला आहे का, पट्ट्यांवर जाळीचं झाकण आहे का, हे बघा. झाकण "नंतर बसवून देतो" म्हणणाऱ्याचं यंत्र मी घेत नाही. उपरणं किंवा पदर अडकायला एक क्षण पुरतो.

हीच चाचणी तीनदा करा आणि सरासरी धरा. शक्य असेल तर चौथी थोड्या ओल्या कणसांवर. इसार तोवर खिशातच राहू द्या.