डिफेन्स कंपनीत लागलात? सही करण्याआधी या चुका टाळा

जून-जुलै आला की नात्यातल्या कुणाच्या ना कुणाच्या पोराचा फोन येतोच. "काका, डिफेन्समध्ये लागलं! आता टेन्शन नाही ना?" अशाच एका कंपनीत अठरा वर्षं काढली असल्याने मला पटकन 'नाही' म्हणवत नाही. मी विचारतो, जाहिरात पूर्ण वाचलीस का?

सगळ्यात महागात पडणारी चूक तिथेच होते. 'सरकारी नोकरी' समजून लोक रुजू होतात. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड, म्हणजे दारूगोळा-शस्त्रं बनवणारे सरकारी कारखाने चालवणारी संस्था, मोडून त्याचे ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा, चांदा म्युनिशन्स इंडियाकडे गेले, अंबाझरी यंत्र इंडियाकडे. जुने कामगार केंद्राचे नोकर म्हणूनच प्रतिनियुक्तीवर गेले, नव्या भरतीला तो दर्जा नाही. जाहिरातीत 'टेन्युअर बेस्ड' दिसलं, तर नोकरी मुदतीची आहे. मामाच्या पेन्शनवरून आपली पेन्शन मोजू नका. विमानं बनवणाऱ्या एचएएलला किंवा जहाजं बांधणाऱ्या माझगाव डॉकला केंद्राचा वेतन आयोगही लागत नाही. तिथल्या अधिकाऱ्यांची वेतनसुधारणा वेगळी होते, मागची १ जानेवारी २०१७ पासूनची. महागाई भत्ता मात्र दर तीन महिन्यांनी बदलतो, हे बरं.

दुसरी चूक, नाव बघायचं आणि ऑर्डर बुक, म्हणजे कंपनीच्या हातात किती काम आहे, ते बघायचंच नाही. नाशिकजवळच्या ओझरचा एचएएलचा कारखाना १९६४ पासूनचा, मिग-२१ लढाऊ विमानासाठी उभा राहिलेला. पुढे तिथे सुखोई बनली. २२२ विमानांचं काम संपत आलं तसं 'आता पुढे काय' हे चहाच्या टपरीवरही ऐकू यायचं. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंचा करार झाला, तेजस विमानाची लाइन आली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. म्हणून मुलाखतीत सरळ विचारा: मला कोणत्या प्रकल्पावर घेताय आणि त्याचं काम किती वर्षं पुरेल?

तिसरी चूक माझी स्वतःची. आमच्याकडे फोन गेटवरच्या लॉकरमध्ये राहायचा, ड्रॉइंग रजिस्टरवर सही करून घ्यायचं, संध्याकाळी मोजून परत द्यायचं. १९२३ चा गोपनीयता कायदा आहे, त्यात हयगय चालत नाही. सहा वर्षांनी चाकणला एका कंपनीत मुलाखतीला गेलो. "काय डिझाइन केलंत?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरच नव्हतं. जे सांगता येत नव्हतं ते सोडा, जे येत होतं तेही कधी लिहून ठेवलेलं नव्हतं. फिट-टॉलरन्स (सुटे भाग किती अचूक मापाने बसवायचे ते), तपासणीच्या पद्धती, कोणतं सॉफ्टवेअर, किती जणांची टीम, एवढं तरी कंपनीच्या परवानगीने वेळच्या वेळी टिपून ठेवा.

वेगाची सवय असलेल्यांनी एक समजून घ्यावं. एक रबरी ओ-रिंग बदलायला आम्हाला अकरा महिने लागले. डिझाइन, क्वालिटी, बाहेरचे तपासनीस, प्रत्येकाची सही. पहिली दोन वर्षं मी चिडचिड केली, ती फुकट गेली. त्याच सह्यांच्या मागे फिरताना मटेरियल टेस्टिंग शिकलो. एवढं खोलात जायला बाहेर कुणी वेळ देत नाही. टाउनशिप, दवाखाना, मुलांची शाळा हे फायदे तर आहेतच.

दारूगोळ्याच्या कारखान्यात जाणार असाल तर घरच्यांशी मोकळं बोला. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला स्फोटात कामगार दगावले. सुती कपडे, खिशात काडेपेटी नाही, हे नियम जुन्या माणसांना कटकट वाटतात. त्यांचं ऐकू नका.

आणि पडताळणीचा फॉर्म. पाच वर्षांतले पत्ते, कधी पोलीस केस झाली असेल तर ती, सगळं खरं लिहा. कॉलेजातल्या मारामारीची निकालात निघालेली केस एकाने 'कशाला उगाच' म्हणून लिहिली नाही. केस किरकोळ होती, लपवणं नडलं. प्रोबेशन संपायच्या आत नोकरीवरून काढल्याचं पत्र हातात आलं.