दुनळी बंदुकीची दुरुस्ती: माझा अनुभव

शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आमच्याकडे असलेल्या बारा बोअरच्या दुनळी बंदुकीची उजवी नळी वरचेवर दगा देऊ लागली. चाप ओढल्यावर घोडा पडे, पण काडतुसाच्या टोपीवर जेमतेम नख टेकल्यासारखा उथळ खळगा उमटे. म्हणजे दोष दारूचा नव्हे, झिजलेल्या फायरिंग पिनचा (टोपीवर आदळून काडतूस पेटवणाऱ्या खिळीचा) होता. गावातला लेथवाला ती पिन तासाभरात करून द्यायला तयार होता. मात्र शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार विक्रीप्रमाणेच दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो, त्यामुळे कारागिराचा हात कितीही चांगला असला तरी तो मार्ग बंद होता.

खरी अडचण पुढेच होती. बंदूक दुसऱ्याच्या ताब्यात ठेवणे कायद्यात बसते का, याबद्दल जो तो वेगळे सांगत होता. याच कायद्याच्या कलम 3 चे परंतुक (म्हणजे अपवाद सांगणारा भाग) वाचल्यावर उलगडा झाला: परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती दुरुस्तीसाठी शस्त्र नेऊ शकते. (हे पोलीस ठाण्यातही विचारून घेतलेले बरे, विशेषतः निवडणुकीच्या काळात.)

परवानाधारक विक्रेत्यांकडे चौकशी करत कोल्हापुरात दुरुस्तीचाही परवाना असलेला कारागीर सापडला. त्याचा परवाना पाहून, बंदूक रिकामी करून, पेटीत घालून मी स्वतःच नेली. त्याने पिन व स्प्रिंग बदलली आणि दुसऱ्या नळीचीही पिन तपासली. बंदुकीचा क्रमांक लिहिलेली पावती आता परवान्यासोबतच ठेवली आहे.