पहिला पगार झालेल्या मुलीला पैशाचं शिकवायचं तर कुठून सुरू करायचं

भाचीला नोकरी लागली तेव्हा मी मोठ्या उत्साहाने तिला एसआयपी (दर महिन्याला म्युच्युअल फंडात थोडे पैसे टाकणं) समजावायला बसले, आणि पाच मिनिटांत कळलं की तिच्या खात्याला मोबाइल नंबर तिच्या बाबांचा जोडलेला आहे. म्हणजे ओटीपी बाबांना, पगाराचा मेसेज बाबांना, एटीएम कार्ड घरच्या कपाटात. बाबा चांगलेच आहेत हो, पण पगार तिचा आणि हिशोब तिला माहीतच नाही! म्हणून माझं म्हणणं, गुंतवणूक वगैरे राहू दे, आधी खातं तिच्या हातात आणा. बँकेत तुम्ही सोबत जा पण फॉर्म तिने भरायचा, काउंटरवर तिने बोलायचं, अडखळली तरी मध्ये बोलू नका.

मग पगाराची स्लिप. प्रिंट काढा, पेन घ्या, एकेक ओळ वाचायला लावा. बेसिक, म्हणजे मूळ पगार, १५,००० असेल तर १२ टक्के म्हणजे १,८०० पीएफला (निवृत्तीसाठीच्या बचतीला) कापले जातात, तेवढेच कंपनी घालते, त्यातले साधारण १,२५० पेन्शनकडे वळतात. हे कळलं की "पगार कमी का आला" हा प्रश्न सुटतो आणि यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर) जपायची सवय लागते. नोकरी बदलली किंवा लग्न ठरलं की पीएफ काढून टाकायचा सल्ला देणारे खूप भेटतात, तेव्हा तिला सांगा की काढू नकोस, नव्या नोकरीत ट्रान्सफर कर. अजून एक, महाराष्ट्रात बाईचा महिन्याचा पगार २५,००० पर्यंत असेल तर २०२३ पासून प्रोफेशनल टॅक्स नाही, तरी कापलेला दिसला तर एचआरला विचारायचं, लाजायचं नाही.

क्रेडिट कार्डावर मात्र एक अख्खी संध्याकाळ द्या, कारण मुली अडकतात ते इथे. हिशोब तिच्याकडूनच करून घ्या: २०,००० थकले, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ७००. त्यावर १८ टक्के जीएसटी, १२६. बिलावर "मिनिमम ड्यू", म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम, १,००० लिहिलंय ते तिने भरले, तर मुद्दलातून फिटले किती? १७४ रुपये! माझ्या भाचीने कॅल्क्युलेटरवर तीनदा करून पाहिलं आणि मग गप्प बसली, मला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

भिशी असेल तर तिला नावं ठेवू नका, आपल्या आया-मावश्यांनी त्यातूनच फ्रिज घेतले, मुलांच्या फिया भरल्या. फक्त हे दाखवा की दहा जणींनी दोन-दोन हजार घातले तर हातात वीस हजारच येतात, व्याज नाही, आणि कुणी मध्येच भरायचं थांबवलं तर सगळा भरवसा ओळखीवर. शिस्त भिशीची ठेवावी आणि थोडे पैसे आरडी (बँकेत दर महिन्याला ठरावीक रक्कम) किंवा पीपीएफला (सरकारी बचत योजना) पण टाकावेत, पीपीएफ तर वर्षाला ५०० रुपयांवर पण चालू राहतो (मुदत १५ वर्षांची असते, हे आधीच सांगा).

यूपीआयचं एकच वाक्य पाठ करून घ्या, पैसे घेताना पिन कधीच टाकायचा नसतो. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, घरी कळेल म्हणून लपवत बसायचं नाही, आणि त्यासाठी तुम्ही पण तिच्यावर ओरडणार नाही हे तिला आधीच माहीत हवं.

महिन्याभराने नवी स्लिप आली की धाकट्या बहिणीला शेजारी बसवा आणि मोठीनेच तिला ती स्लिप समजावून सांगायची. जिथे अडेल ती ओळ परत घ्या.