पीयूसी पास म्हणजे गाडी कायदेशीर नव्हे: इंदूरात गाडी मॉडिफाय करण्याआधी

छोटी ग्वालटोलीत पार्ट घ्यायला उभे राहिलात की एक वाक्य हमखास कानावर येतं: "भैया, पीयूसी में पास हो जाएगी." बऱ्याचदा ते खरंही असतं, आणि घोळ तिथेच सुरू होतो. पीयूसीवाला पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन पाहतो. डिझेल गाडीला रेस देऊन धूर किती काळा आहे ते पाहतो. नायट्रोजनचे ऑक्साइड तो मोजत नाही, गाडीचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) वाचत नाही, खाली वाकून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारी जाळी) जागेवर आहे का तेही बघत नाही. बीएस-६ या उत्सर्जन मानकाचं निम्मं गणित नेमकं या तीन गोष्टींत आहे. डिझेल कारला बीएस-४ मध्ये किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासून ती ०.०८ वर आली. १ एप्रिल २०२३ पासून तर प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष रस्त्यावर होणारं उत्सर्जनही नियमात बसावं लागतं. उत्पादकाने हे सगळं ज्या पार्टांच्या आणि ज्या सॉफ्टवेअरच्या जोरावर साधलं, तेच आपण बदलायला निघतो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. केरळच्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-ए मध्ये बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा: सायलेन्सर, रिमॅप (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलणं) आणि ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) हे तीन बदल धरले जाऊ शकतात. धूर आणि आवाजासाठी कलम १९०(२) वेगळं आहे, त्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन.

पार्ट गाडीत कुठे बसतो ते आधी पाहा

एअर फिल्टरपासून शेवटच्या ऑक्सिजन सेन्सरपर्यंतचा सगळा रस्ता उत्सर्जनाच्या हद्दीत येतो: इनटेक, टर्बो, इंजेक्टर, ईसीयूचं मॅपिंग, ईजीआर, कन्व्हर्टर, डीपीएफ (डिझेलची काजळी अडवणारा फिल्टर). त्या सेन्सरच्या पुढे टेलपाइपपर्यंत जे काही आहे त्याचा प्रश्न मुख्यतः आवाजाचा. आरसीवर छापलेलं काहीही, म्हणजे इंधन, इंजिन नंबर, रंग, आसनसंख्या, हे नायता मुंडल्याच्या आरटीओच्या हद्दीत. एवढं डोक्यात ठेवलं तर निम्मे निर्णय दुकानात उभ्या उभ्या होतात.

पीथमपूरला ११.३ किलोमीटरच्या हाय-स्पीड ट्रॅकचं नॅट्रॅक्स हे वाहन चाचणी केंद्र घराजवळ आहे म्हणून आपली गाडी तिथे नेऊन 'पास करून आणू' असा विचार असेल, तर तो सोडा. मान्यता उत्पादकाच्या मॉडेलला किंवा किटला मिळते. एकट्या मालकाच्या रिमॅपला तिथून शिक्का मिळत नाही.

काहीही खोलण्याआधी मोजून ठेवा

स्टिअरिंगखालच्या ओबीडी (बिघाड तपासणीच्या) सॉकेटमध्ये लावायचा ब्लूटूथ अडॅप्टर आणि मोबाइलवरचं ॲप एवढं पुरतं. इंजिन पूर्ण गरम करा, कूलंट ८५ ते ९० अंशांवर येऊ द्या. एसी बंद ठेवा. आयडलवर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो ते, पाहा. दोघांची बेरीज उणे ५ ते अधिक ५ टक्क्यांत असेल तर गाडी धडधाकट आहे. १० च्या बाहेर असेल तर मॉडिफिकेशन राहू द्या, आधी मूळचा दोष काढा: फाटलेला व्हॅक्यूम पाइप, मळलेला इंजेक्टर, थकलेला सेन्सर. मग २,५०० आरपीएमवर दोन मिनिटं धरून तेच आकडे पुन्हा घ्या आणि स्क्रीनशॉट ठेवा. पार्ट बसवल्यावर साधारण २०० किलोमीटर चालवून पुन्हा पाहायचं. लगेच पाहून उपयोग नाही, कारण बॅटरी काढली असेल तर ईसीयूची शिकलेली सगळी आकडेवारी पुसली गेलेली असते.

याच वेळी मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेजही बघा. कन्व्हर्टर चांगला असेल तर तो ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर राहतो. ०.१ ते ०.९ असा सारखा वरखाली नाचत असेल तर कन्व्हर्टर संपला आहे, आणि पी-०४२० हा बिघाडाचा कोड आज ना उद्या येणारच.

एक्झॉस्ट

कन्व्हर्टरच्या मागचा भाग बदलला, म्हणजे ज्याला कॅट-बॅक म्हणतात तो, तर धुरात फरक पडत नाही. प्रवासी कारला चालत्या गाडीच्या चाचणीत ७४ डेसिबलची मर्यादा आहे. दुकानदार 'फक्त बेस येतो' म्हणाला तरी आत काचलोकर भरलेली आहे का, बॅफल (आवाज अडवणारा आतला भाग) पक्कं वेल्ड केलेलं आहे का, हे टॉर्च मारून बघा. बोल्टवर निघणारं बॅफल म्हणजे पोलिसांसमोर लावायचं आणि पुढच्या चौकात काढायचं खेळणं. त्याला कायद्यात काही किंमत नाही.

फिटिंगमध्ये बिघडतं ते जोडावर. गास्केट नीट बसली नाही आणि गळती सेन्सरच्या आधी राहिली, तर दोन स्फोटांच्या मधल्या क्षणी तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जास्त ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला वाटतं मिश्रण पातळ आहे, तो पेट्रोल वाढवतो. मग गाडीचा अॅव्हरेज पडतो, कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि ते जास्तीचं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून जाळी वितळते. तपासायची रीत सोपी: थंड इंजिन चालू करा, मदतनिसाला जाड ओल्या फडक्याने टेलपाइप काही सेकंद दाबायला सांगा आणि प्रत्येक जोडाजवळ कान न्या. सूं आवाज आला तिथे गळती. पाइप गाडीवरच वेल्ड करणार असतील तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढायला लावा आणि अर्थ क्लॅम्प वेल्डच्या शेजारीच लावू द्या. हे न केल्याने ईसीयू जातो, आणि तो खर्च सायलेन्सरच्या कितीतरी पट असतो.

'जाळी काढून देतो, पिकअप वाढेल' हा सल्ला पेट्रोल गाडीत तर कधीच ऐकू नका. जुन्या बीएस-३ गाडीलाही कन्व्हर्टर आरसीच्या मूळ तपशिलाचाच भाग आहे. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाडीला आयडलवर ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि २०० पीपीएम हायड्रोकार्बन एवढीच मर्यादा आहे, २,५०० आरपीएमवर ०.२ टक्के. जाळी नसताना हे आकडे जमणं कठीण. म्हणूनच मग मागच्या सेन्सरखाली नळीचा तुकडा घालून त्याला धुरापासून लांब ठेवायची युक्ती येते. त्याने चेक इंजिनचा दिवा विझतो, धूर तोच राहतो. काढलेली मूळ जाळी मात्र परत हातात मागा. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, आणि 'भंगार इथेच राहू द्या' म्हणण्यामागचं कारण तेच.

इनटेक आणि फिल्टर

यात फार दम नाही. तेल लावायचा कॉटन फिल्टर घेतलाच तर तेल कमी लावा आणि रात्रभर सुकू द्या. जास्तीचं तेल मास एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं आणि तो हवा कमी सांगायला लागतो. उघडा कोन फिल्टर मे महिन्यातल्या इंदूरच्या उन्हात बॉनेटखालची गरम हवा ओढतो, ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि मिळालेली ताकद तिथेच जाते. एक गोष्ट मात्र हमखास चुकते: मूळ एअर बॉक्सला जोडलेला क्रँककेसचा ब्रीदर पाइप नव्या किटमध्ये उघडाच सोडला जातो. तेलाची वाफ थेट हवेत जाणं हे उत्सर्जन नियमांचं उल्लंघन, आणि इनटेककडचं तोंड उघडं राहिलं तर न मोजलेली हवा आत जाऊन ट्रिम बिघडतात ते वेगळं.

रिमॅप आणि ट्यूनिंग बॉक्स

ट्यूनिंग बॉक्स रेल प्रेशर (इंधनाच्या दाबाच्या) सेन्सरचा सिग्नल खोटा दाखवतो. ईसीयूला दाब कमी वाटतो, तो पंपाला जोर लावायला सांगतो, प्रत्यक्ष दाब मर्यादेपलीकडे जातो. झीज इंजेक्टरची होते आणि काळा धूर वाढतो. रिमॅप त्यापेक्षा सुबक असतो, पण उत्पादकाची मान्यता मूळ सॉफ्टवेअरला आहे, ती इथे संपली. 'सर्व्हिसला जाताना स्टॉक फाइल टाकून देतो' हे आश्वासन पुरेसं नाही. बऱ्याच ईसीयूंत किती वेळा फ्लॅश झालं याची नोंद राहते आणि वॉरंटीचा दावा तिथेच अडतो.

डिझेल: ईजीआर आणि डीपीएफ

सर्वांत जास्त वाईट सल्ले इथे मिळतात. ईजीआरला पत्र्याची प्लेट मारली की इनटेकमध्ये काजळी जमत नाही हे खरं. पण ज्वलनाचं तापमान वाढतं आणि नायट्रोजन ऑक्साइड उसळतं. पीयूसीत ते दिसत नाही, कारण तिथे फक्त धुराची घनता मोजतात. तिची मर्यादा बीएस-४ डिझेलला १.६२ प्रति मीटर, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. ईसीयूला मात्र दिसतं: पी-०४०१ कोड येतो आणि अनेक गाड्या ताकद कापतात.

डीपीएफ भरला म्हणून काढून टाकण्याआधी तो का भरला ते बघा. राजवाडा, सराफा, पाटनीपुरा अशी रोजची चार-पाच किलोमीटरची धाव असेल तर एक्झॉस्ट कधी तापतच नाही. काजळी जळायला आतमध्ये साधारण ५५० ते ६५० अंश लागतात. आठवड्यातून एकदा बायपासवर मांगलियाकडून राऊपर्यंत वेगमर्यादा पाळून, चौथ्या गिअरमध्ये आरपीएम २,००० च्या वर ठेवून २०-२५ मिनिटं न थांबता चालवा. टाकीत पाव टाकीपेक्षा जास्त डिझेल असू द्या, कारण बऱ्याच गाड्या कमी इंधनावर रिजनरेशन (काजळी जाळण्याची फेरी) सुरूच करत नाहीत. ते चालू असताना आयडल थोडं चढतं, पंखा फिरतो, जळका वास येतो. घरी पोचलात म्हणून त्या वेळी इंजिन बंद करू नका. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक फेरीत थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी कमाल खुणेच्या वर गेली तर ऑइल लगेच बदला. ऑइलही कमी राखेचं, सी-२ किंवा सी-३ दर्जाचं, जे मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तेच. स्वस्त ऑइलची राख कुठल्याही रिजनरेशनने जळत नाही आणि डीपीएफ कायमचा बुजतो.

सीएनजी: कायद्याने करता येणारा मोठा बदल

इंधन बदलणाऱ्या किटला कलम ५२ मध्येच वाट ठेवली आहे. ऑगस्ट २०२२ पासून बीएस-६ पेट्रोल गाड्यांनाही बाहेरून सीएनजी किट बसवता येतं. अवंतिका गॅसचे पंप शहरात आहेतच. पैसे देण्याआधी फिटमेंट सेंटरकडून किटचं मान्यतापत्र मागा आणि त्यात तीन गोष्टी स्वतः वाचा: आपल्या गाडीचं मॉडेल आणि इंजिनाची क्षमता त्यात बसते का, बीएस-४ लिहिलंय की बीएस-६, आणि मान्यतेची मुदत चालू आहे का. ती ३ वर्षांची असते. बीएस-४ चं पत्र दाखवून बीएस-६ गाडीला किट बसवलं तर आरटीओत फाइल अडकते, आणि तोवर डिकीत टाकी बसलेली असते.

बसवताना प्लगचा गॅप पेट्रोलच्या १.०-१.१ मिलिमीटरवरून ०.७-०.८ वर आणायला सांगा, सीएनजीला ठिणगी जड जाते. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. लाइनमध्ये २०० बारचा दाब असतो. मॅपिंग झाल्यावर आधी सांगितलेले ट्रिम पेट्रोलवर घ्या, मग गॅसवर. दोन्हींत १० टक्क्यांपेक्षा जास्त अंतर असेल तर मॅपिंग पुन्हा करवून घ्या, नाहीतर गाडी गॅसवर शिकलेलं पेट्रोलवर वापरते आणि सकाळी सुरू व्हायला त्रास देते.

कागद: सेंटरचं फिटमेंट प्रमाणपत्र, सिलिंडरचं प्रमाणपत्र, किटचं मान्यतापत्र, बिल. १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर इंधन पेट्रोल/सीएनजी करून घ्या, त्यानंतर विमा कंपनीकडून पॉलिसीवर किटची नोंद. विम्याची पायरी लोक सोडतात आणि अपघाताच्या क्लेममध्ये अडकतात. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर ३ वर्षांनी. तारखेची पट्टी फिलरजवळ असते.

जुनी गाडी घेताना

दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आली तेव्हापासून तिकडच्या बऱ्याच गाड्या एनओसीवर बाहेरच्या राज्यांत विकल्या जातात. कुठलीही वापरलेली डिझेल गाडी पाहताना थंड टेलपाइपच्या आत बोट फिरवा. डीपीएफ असलेल्या गाडीचा पाइप आतून जवळजवळ स्वच्छ असतो. बोट काळंकुट्ट निघालं तर डीपीएफ फुटला आहे किंवा काढला आहे. मग स्कॅनर लावून डीपीएफच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक पाहा: रेस देऊनही आकडा शून्यावरून हलत नसेल तर आत पोकळ नळी आहे. इंजिन नंबर गाडीवर वाचून आरसीशी जुळवा. आरसीवर फक्त पेट्रोल लिहिलेलं आणि डिकीत सिलिंडर, असं दिसलं तर नोंद करून देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची, आणि ती ट्रान्सफरच्या आधी. १५ वर्षांनी आरसीचं नूतनीकरण करताना गाडी तपासणीला उभी करावीच लागते. तेव्हा जुन्या मालकाचा प्रत्येक बदल तुमच्या नावावर निघतो, म्हणून मूळ पार्ट त्याच्याकडे पडून असतील तर सौद्यातच मागून घ्या.