सड्यापासून खाडीपर्यंत: या पावसात व्हाळाच्या काठावर काय लावायचं, काय नाही

मृग तोंडावर आलाय, कलमांची आळी, खतं, भाताच्या तरव्याची पेरणी, सगळ्यांची धावपळ चालू असणार. तरी याच पंधरवड्यात अजून एक काम उरकून घ्या म्हणून हे लिहितोय. व्हाळाच्या (म्हणजे ओढ्याच्या) आणि खाडीच्या काठावर तिथलीच, आपल्याच मातीतली झाडं लावायचं काम. मुख्यतः कर्ली आणि गड नदीकडच्या, म्हणजे कुडाळ-मालवण-वेंगुर्ला बाजूच्या शेतकऱ्यांसाठी आहे, पण रत्नागिरी-रायगडवाल्यांनाही बहुतेक सगळं लागू पडेल.

आपल्याकडे सह्याद्री ते समुद्र सरळ अंतर 50-60 किलोमीटर, आणि 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस जवळपास सगळा चार महिन्यांत पडतो. पाण्याला थांबायला वेळच नाही. वरच्या वाडीत काठ उघडा पडला की ती माती खालच्या वाडीच्या खाडीत जाऊन बसते, खाडी उथळ होते आणि उधाणाला खारं पाणी शेतात शिरायला वाट मिळते. त्यामुळे हे काम वरच्यानेही करायचंय आणि खालच्यानेही.

आधी सड्याबद्दल, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठाराबद्दल. कृपा करून उघड्या कातळावर झाडं लावायच्या मागे लागू नका. सडा पडीक दिसतो पण पडीक नसतो, जांभ्यातून मुरलेलं पाणीच खालच्या विहिरी-झऱ्यांना येतं, आणि पहिल्या पावसानंतर तिथे दीपकाडी, मग गेंद, सीतेची आसवं फुलतात ती दुसरीकडे कुठे लावून होत नाहीत. लावायचंच असेल तर सड्याच्या कडेला जिथे माती आहे तिथे करवंद, अंजनी, कुडा लावा. आकेशियाची रोपं फुकट मिळाली तरी घेऊ नका, त्याच्या पातेऱ्याखाली, म्हणजे गळलेल्या पानांखाली, आपलं काही धड उगवत नाही.

आता व्हाळ, आणि इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतंय असं माझं स्पष्ट मत आहे. गाळ काढायला जेसीबी लावतात आणि दोन्ही काठ खरवडून साफ करून टाकतात, दिसायला छान दिसतं पण पहिल्याच मोठ्या पुरात काठ ढासळतो आणि कुणाची तरी माडाची रांग व्हाळात जाते. गाळ काढायचा तर फक्त मधला काढा आणि काठाची शेरणी, वाळुंज, निवर यांना हात लावू देऊ नका. शेरणी बघितली असेलच, दगडांच्या फटीत उगवणारं लांबट अरुंद पानांचं झुडूप, पूर आला की पाण्याबरोबर आडवी होते, ओसरला की परत उभी. तिची मुळं धोंड्यांच्या मध्ये इतकी घट्ट शिरलेली असतात की हाताने उपटून येत नाही. असा काठ सिमेंटने होत नाही आणि ही फुकट मिळते. शेरणी, वाळुंज, निर्गुंडी तिन्ही काठीपासून लागतात, अंगठ्याएवढी जाड, हातभर लांब काठी घ्या, अर्ध्याहून जास्त जमिनीत जाईल अशी ठोका, उलटी होणार नाही एवढं बघा. पाऊस लागून जमीन भिजली की लगेच लावा. पुराचं पाणी जिथून जोरात जातं तिथे या काठ्याच लावा, पिशवीतलं रोप तिथे टिकत नाही.

त्याच्या मागे, थोडं वर, करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन. आणि सावली असेल तिथे रातांबा (कोकम). करंजाच्या बिया आता सुकून पडलेल्याच आहेत, थेट टोचल्या तरी उगवतात. जांभूळ आणि रातांब्याच्या बिया मात्र सुकवून ठेवू नका, गर धुवून काढायचा आणि ओल्याच पेरायच्या, पंधरा दिवस कपाटात राहिल्या की बहुतेक मेल्या. रातांब्याचं बियाचं रोप नर निघायची भीती असते, म्हणून उत्पन्नासाठी हवा असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कोकण अमृता किंवा कोकण हातिस जातीची कलमं घ्या, पण नुसता काठ धरायला बियाची रोपं चालतील. जागा मोठी असेल तर माणगा बांबूही लावा, काठ धरतो आणि पुढे पैसेही देतो.

काठापासून निदान दहा पावलं तणनाशक मारू नका. काजूच्या बागेत मारलेलं ग्लायफोसेट पहिल्या सरीला व्हाळातच जातं, आणि नेमके तेव्हाच चढणीचे मासे अंडी घालायला शेतापर्यंत वर येत असतात. ते मासे धरू नका असं मी म्हणत नाही, आपण सगळेच खातो, पण व्हाळाची पूर्ण रुंदी जाळ्याने अडवू नका, थोडे वर जाऊ द्या.

खाडीच्या बाजूला खारबंधाऱ्याच्या (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या) आतल्या अंगाला उंडी, भेंडी (भाजीची नव्हे, झाड), करंज चांगले येतात, खारा वारा सोसतात. उंडीची फळं वटवाघळं गर खाऊन टाकतात, त्यांच्या झाडाखाली वेचायला मिळतात. बीची कठीण कवटी हलकेच फोडून आतला गर अख्खा काढून पेरलात तर लवकर रुजतो, कवटीसकट पेरलीत तर फार वाट बघावी लागते. बंधाऱ्याची झडप पावसाआधी तपासा, कचरा अडकलेला काढा. पहिल्या पावसाचं पाणी खाजणात (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत) साठवून ओहोटीला सोडून द्या, असं दोन-तीनदा केलं की क्षार बरेच धुऊन जातात, मग भात लावा. तिथे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राच्या क्षार सोसणाऱ्या जाती घेतलेल्या बऱ्या.

बंधाऱ्याच्या बाहेरची कांदळं, तिवर, चिप्पी ही खाऱ्या चिखलात वाढणारी कांदळवनाची झाडं अजिबात तोडू नका, जळणालाही नाही. लाटांचा मार तीच झेलतात म्हणून बंधारा टिकतो, आणि कोळंबी, खेकडे, जिताड्याची पिल्लं त्यांच्याच मुळांत वाढतात. शिवाय 2018 च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने जमीन कुणाचीही असली तरी कांदळवन तोडायला बंदी आहे. कांदळाच्या शेंगा पावसात गळून पाण्यावर तरंगत येतात. मोकळ्या पडलेल्या जागी लावायच्या असतील तर आधी वनखात्याच्या कांदळवन कक्षाशी बोलून घ्या. मग शेंगेचं टोकदार टोक खाली, कोंब वर, साधारण तिसरा हिस्सा चिखलात जाईल अशी ओहोटीला लावा. जिथे तिसऱ्या, मुळे या खायच्या शिंपल्या मिळतात तो उघडा चिखल मात्र तसाच ठेवा, त्याच्यावर पक्षी आणि गावातल्या बायका दोघंही पोट भरतात.

लावून झालं की गणपतीनंतर एकदा फिरा, मेलेल्या काठ्यांच्या जागी नव्या ठोका, रोपांभोवतीचं रानमोडीचं तण उपटून तिथेच आच्छादन म्हणून टाका, फुलं यायच्या आत. दिवाळीनंतर दोन हात रुंद गवत कापून जाळरेषा काढा आणि गुरं सुटायच्या आधी काटेरी झाप लावा. पहिली दोन वर्षं एवढं झालं की पुढे पाणी घालावं लागत नाही.