करडी घाण्यावर न्यायच्या आधी

खळं झालं की मार्च-एप्रिलला आमच्याकडं परभणीच्या पट्ट्यात घरोघरी एकच चर्चा असती, करडी लाकडी घाण्यावर न्यायची का एक्सपेलरवर, म्हणजे लोखंडी स्क्रूच्या मशीनवर, अन् यावर्षी तर पुण्याला राहणारी भाची पण फोन करून विचारायली, मामा घाण्याचं तेल एवढं महाग का विकायलेत, त्यात खरंच काही असतं का. असतं. पण लाकूड बघून पैसे देऊ नका. तेल किती तापलं, त्यात पाणी किती राहिलं अन् काढून किती दिवस झाले, एवढं बघा. तापण्याचं घाणेवाल्याच्या हातात आहे, बाकी दोन्ही आपल्याच हातात असतं आणि तिथंच घात होतो, आमचा पण झालाय, खाली सांगतो.

आधी तेल निघतं कसं ते. लाकडी घाण्यात लाट, म्हणजे जाड लाकडी मुसळ, उखळीत हळू फिरती, मोटारीवरचा घाणा असला तरी मिनिटाला १०-१५ फेरे, त्यामुळं बी घासत चिरडत जातं अन् तेल सुटायला पाऊण तास-तासभर लागतो. एवढ्या वेळात तेल कोमट होतं, ४०-४५ अंशाच्या आसपास, धारेखाली बोट धरलं तर बाळाच्या आंघोळीच्या पाण्यासारखं लागतं. पेंडीत १०-१२ टक्के तेल राहून जातं, म्हणून घाण्याची पेंड जनावर आवडीनं खातं, अन् म्हणूनच तेल महाग पडतं, तेवढ्याच बियात तेल कमी निघालं आणि वेळ जास्त गेला. भाचीला पहिलं हेच सांगितलं.

एक्सपेलरमधी लोखंडी पिंजऱ्यात जाडजूड स्क्रू फिरतो, बी पुढं पुढं ढकलत दाबत नेतो, अन् त्या घासण्यानंच मशीन तापतं. वरतून बऱ्याच मिलमधी बी आधी वाफेवर शिजवून घेतात म्हणजे तेल पटकन सुटतं. तिथं तेल १०० अंशाच्या वर जातं, बोट धरता येत नाही, रंग गडद येतो आणि भाजल्यासारखा वास येतो. पेंडीत ६-८ टक्केच तेल उरतं, म्हणजे तुमच्या डब्यात थोडं जास्त पडतं. पण त्या उष्णतेनं बियातला चिकट भाग अन् रंगद्रव्यं पण तेलात जास्त उतरतात, आणि खवट व्हायची सुरुवात तिथंच होऊन जाती. वास तर खरा जातोच, करडीला जो एक कच्चा गवतासारखा, थोडा गोडसर वास असतो तो एक्सपेलरच्या गरम तेलात सापडत नाही.

आता इथं एक गोष्ट लोकं गडबडीत विसरतात. स्क्रूचं मशीन म्हणजे गरम तेल असं काही पक्कं नाही. बी न शिजवता, स्क्रू हळू चालवून ५० अंशाच्या आत पण काढता येतं, त्यालाच कोल्ड प्रेस म्हणतात, अन् ते घाण्याच्या तेलाच्या जवळ जातं. उलट लाकडी घाण्याची पाटी लावून आत घाई करणारे पण आहेत, एकावर एक घाणे थांबा न घेता ओढायले की लाट अन् उखळ दोन्ही तापतात. म्हणून पाटी वाचू नका, विचारा की बी गरम करता का, अन् धारेखाली बोट धरा.

तिसरी पद्धत आपल्या घरची नाही पण दुकानातल्या बहुतेक सोयाबीन तेलाची तीच आहे. सोयाबीनमधी तेल १८-२० टक्केच, दाबून सगळं निघत नाही, म्हणून लातूरकडं जे मोठे प्लांट दिसतात तिथं सोयाबीनचे पापुद्रे करून हेक्झेन नावाच्या रसायनात तेल विरघळवून घेतात. हेक्झेन ६९ अंशाला उकळतं, ते उडवून परत वापरतात, पेंडीत १ टक्क्याच्या आत तेल राहतं. ते कच्चं तेल तसं खाता येत नाही, रिफाइंड करावंच लागतं. चिकट भाग काढायचा, कॉस्टिक सोड्यानं आंबटपणा मारायचा, खास मातीतून रंग उतरवायचा आणि शेवटी निर्वात टाकीत २०० अंशाच्या वर वाफ सोडून वास घालवायचा. यात ई जीवनसत्त्व काही प्रमाणात जातं, चव तर पूर्णच जाती. पण रिफाइंड म्हणजे विष असं जे मोबाईलवर फिरायलंय ते मला पटत नाही. त्यात खराब बियाचा आंबटपणा अन् बुरशीचं विष बऱ्यापैकी निघून जातं आणि तळणाला ते धूर कमी देतं. घाण्याच्या तेलात यातलं काहीच निघत नाही, बी जसं तसं तेल. म्हणून पुढचा भाग नीट वाचा.

बी. आमच्याकडं परभणी कुसुम आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठाचीच जात, करडीत साधारण २८ ते ३२ टक्के तेल असतं. आधी चाळून घ्या, वारवून घ्या, पोचट बी काढा. पोचट बी तेल देत तर नाहीच, सुटलेलं तेल पितं. माती राहिली तर घाण्याचं लाकूड झिजतं अन् तेलात काळा गाळ येतो. पिवळ्या धोतऱ्याचं बारकं काळं बी तर एक पण राहू देऊ नका, १९९८ ला दिल्लीत मोहरीच्या तेलात हेच धोतऱ्याचं तेल मिसळलं गेलं होतं अन् माणसं मेली. करडीत ते चाळणीतून खाली पडतं म्हणून सोपं आहे, मोहरीत ओळखूच येत नाही.

मग दोन दिवस कडक ऊन. ओल ६-८ टक्क्यांवर पाहिजे, मशीन नाही म्हणून अडत नाही, माय अजून पण दाताखाली बी धरून बघती. कट् करून दोन फाका झाल्या, टरफल एकीकडं अन् पांढरा मगज एकीकडं, की नेण्यासारखं झालं. दाताखाली चेपलं, वाकलं, की अजून एक दिवस. ओलं बी नेलं तर तेलात पाणी उतरतं आणि पाणी असलेलं तेल आतून आंबट होत जातं. पण उन्हातून काढून गरमागरम पोतं पण नेऊ नका, रात्रभर थंड होऊ द्या.

भुईमूग नेणार असाल तर याच्यापेक्षा जास्त जपा. उन्हाळी भुईमूग काढताना वळवाचा पाऊस लागला तर शेंगात बुरशी धरती, अन् त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, लिव्हरला घातक असतं. ते जास्त करून पेंडीत जातं पण गढूळ तेलात पण उतरतं, आणि घाण्यावर ते काढायला काहीच सोय नाही. सुरकुतलेला, काळपडलेला, हिरवट बुरशीचा दाणा हातानं निवडायचा, टीव्ही बघत बसून दोन रात्री लागल्या तरी लागू द्या. अन् तो निवडलेला दाणा म्हशीला घालू नका, दुधात येतं ते.

घाण्यावर जायचं तर सकाळी पहिल्या नंबरला जा. कारण उखळीत अन् मशीनमधी आधीच्या माणसाचं तेल-पेंड चिकटलेलं असतं. आम्ही एकदा दुपारी एका मिलवर करडी दिली, आमच्या आधी सरकी चालली होती, वरचे दोन-तीन लिटर तेल लालसर आलं अन् फोडणीत वेगळाच वास. भांडून काय उपयोग, तेल तर मिसळलेलं. तेव्हापासून आधी विचारतो काय चाललं होतं, करडीच असेल तर ठीक, नाहीतर पहिलं निघालेलं तेल वेगळ्या डब्यात धरा, दिव्याला वापरा.

तिथंच उभं राहा. तीळ अन् दाण्याला घाणेवाला मधी मधी पाण्याचा हबका मारतो, त्यात लबाडी काही नाही, पाण्यानं लगदा बांधला जातो अन् तेल सुटं होतं, तमिळनाडूत तर तिळासोबत ताडाचा गूळ घालतात. पण किती मारतो ते बघा, हबका वेगळा अन् तांब्याभर ओतणं वेगळं. हिशेब आधीच डोक्यात ठेवा, करडीला एक किलो तेलासाठी चार ते साडेचार किलो बी, म्हणजे २५ किलोला सहा किलोच्या आसपास, दाण्याला अडीच किलोला एक किलो. यापेक्षा लईच जास्त निघालं तर खूश होऊ नका, पाणी नाहीतर दुसरं तेल आलंय का बघा. अन् किलो-लिटरचा घोळ करू नका, १५ लिटरचा डबा वजनाला १४ किलोच्या आतच भरतो.

पाणी ओळखायचं सोपं आहे. कापसाची वात नव्या तेलात भिजवून पेटवा, तडतडली की पाणी आहे, शांत जळली की नाही. फ्रीजमधी ठेवून शुद्ध का भेसळ ते बघा असं जे सांगतात त्याच्या नादी लागू नका, दाण्याचं शुद्ध तेल पण आपल्या परभणीच्या थंडीत बाहेरच गढूळ होतं अन् करडीचं फ्रीजमधी पण पातळ राहतं, हा त्या तेलांचा गुण आहे.

घरी आणलं की लगेच डब्यात भरून झाकण लावू नका. उभट स्टीलच्या भांड्यात, वर सुती फडकं बांधून, अंधाऱ्या कोपऱ्यात ५-६ दिवस हलवायचं नाही. गाळ खाली बसतो, वरचं तेल काचेसारखं दिसायला लागतं. भांड्याच्या बाहेरून टॉर्च नाही मारता येत स्टीलला, म्हणून पळीभर काचेच्या ग्लासात घेऊन पलीकडून पेपरातली अक्षरं वाचा, वाचता आली की झालं. वरचं हळूच दुसऱ्या भांड्यात ओता, खालचे चार बोटं राहू द्या. तो गाळ टाकायचा नाही, आमच्याकडं तो मिठ-तिखटात कालवून भाकरीसोबत त्याच आठवड्यात संपतो. पण डब्यात तो राहिला तर सगळ्या तेलाला वास लावतो.

आता आमचा घात. चार वर्षांमागं कामाची गर्दी म्हणून मी एप्रिलमधीच क्विंटलभर करडीचं तेल एकदम काढून आणलं, पत्र्याच्या खोलीत डबे मांडले. दसऱ्यापर्यंत बरं चाललं. दिवाळीला शेवटचा डबा उघडला तर झाकणाच्या कडेला पिवळा चिकट पापुद्रा, बोटानं ओढला तर रबरासारखा ताणला, अन् वास रंगाच्या दुकानासारखा. चकलीचं पीठ तयार होतं, माय काही बोलली नाही, दुसरं तेल आणायला पैसे काढून दिले. करडीच्या तेलात जवळजवळ ७५ टक्के लिनोलिक आम्ल नावाचा स्निग्ध घटक असतो, हवा अन् उष्णता लागली की ते भरभर हवेतला प्राणवायू धरतं, जवसाचं तर त्याहून पटकन. जवसाचं तेल रंगात घालतात, करडीचं पण घालतात, ते याच्यामुळंच, हवेत सुकून थर धरतं. तिळाचं तसं होत नाही, तिळात मुळातच तेल टिकवणारे घटक आहेत, तीळ वर्ष काढतो.

म्हणून करडी असेल तर बी साठवा, तेल साठवू नका. टरफल जाड असतं, आतलं तेल त्यात वर्षभर राहतं. आम्ही आता पोतं पोतं करून काढतो, एक पाडव्याला, एक मृगाच्या आधी, एक दिवाळीच्या तोंडावर अन् शेवटचं येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, झाल्यावर. पावसाळ्यात बी ओल धरतं, म्हणून दिवाळीच्या आधीचं पोतं परत एक दिवस उन्हात घालावं लागतं. डबा गळ्यापर्यंत भरलेला पाहिजे, आत हवा कमी. तांब्या-पितळेचं भांडं नको, त्या धातूनं तेल लवकर बिघडतं. जुन्या तेलाच्या डब्यात नवं ओतू नका, आधी डबा गरम पाणी-सोड्यानं धुऊन कडकडीत वाळवा, थेंबभर खवट तेल सगळ्याला लावतं.

वापरायचं कसं ते थोडक्यात. भाकरीवर, चटणीवर, वरणावर कच्चं घ्यायला घाण्याचंच, तिथंच त्याची चव कळती. जवसाचं कधीच तापवू नका. भाजीची फोडणी मध्यम आचेवर चालती. तळणाला मात्र घाण्याचं तेल लवकर धूर सोडतं, दाण्याचं १६० अंशाच्या आसपास, तेच रिफाइंड २३० पर्यंत जातं, अन् नव्या घाण्याच्या तेलात फेस पण येतो. सणावाराचं थोडं तळण असेल तर दाण्याचं गाळलेलं तेल घ्या, आच बारीक ठेवा आणि कढईतलं उरलेलं परत परत तापवू नका.

भाचीसाठी यावेळी पाडव्याच्या पोत्यातलं दोन लिटर काढून ठेवलंय, काळ्या काचेच्या दोन बाटल्यात, तोंडापर्यंत भरून. तिला सांगितलंय, एक बाटली संपल्याशिवाय दुसरीचं बूच काढायचं नाही, आणि मृगाला परत ये, तेव्हा नवीन निघंल.