सर्किट डायग्राम काढताना या चुका टाळा

डिप्लोमाच्या मुलांचे प्रोजेक्ट तपासताना त्याच त्या चुका समोर येतात. त्यातली सगळ्यात महागात पडणारी म्हणजे डेटाशीट (कंपनीचं त्या पार्टचं माहितीपत्रक) न उघडता पिन नंबर टाकणं.

एका मुलाने एलएम३१७ चा, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या रेग्युलेटर आयसीचा, व्हेरिएबल पॉवर सप्लाय केला होता. सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत ७८०५ चा (ठरावीक ५ व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरचा) सिम्बॉल आयता मिळाला, त्याने नाव तेवढं बदललं. पाय दोघांनाही तीनच. पण ७८०५ मध्ये १ ला इनपुट, २ ला ग्राउंड, ३ ला आउटपुट. ३१७ मध्ये १ ॲडजस्ट, २ आउटपुट, ३ इनपुट. डायग्राम दिसायला देखणा, पीसीबीही (छापील सर्किट बोर्डही) सुबक. पॉट (व्होल्टेज बदलायचा फिरता रेझिस्टर) फिरवला तर आउटपुट काही ऐकेना. आयसी बदलला, पॉट बदलला, डुप्लिकेट माल दिला म्हणून दुकानदाराशी भांडणही झालं. मी मीटर लावला तर पहिल्याच, म्हणजे ॲडजस्टच्या पायावर थेट इनपुटचे १२ व्होल्ट! नवा बोर्ड करावा लागला. आणि बिचाऱ्या दुकानदाराचा माल अस्सल होता. ३१७ च्या टॅबलाही (पाठीवरच्या धातूच्या पट्टीलाही) आउटपुट असतं, ७८०५ च्या टॅबला ग्राउंड. दोघांना एकाच हीटसिंकवर मधे मायकाचं इन्सुलेशन न घालता बसवलं की शॉर्ट.

माझी सवय अशी: सिम्बॉल कुठूनही आणा, डायग्राम ए४ कागदावर छापायचा, शेजारी डेटाशीट ठेवायची आणि एकेक पिन जुळली की पिवळ्या हायलायटरने रंगवायची. ‘ईआरसीमध्ये एकही एरर नाही, सर’ हे मला सांगू नका. ईआरसी म्हणजे सॉफ्टवेअरने केलेली जोडण्यांची तपासणी; सिम्बॉलमध्येच पिन चुकली असेल तर ईआरसीला ते कळायचा मार्ग नाही.

दुसरी चूक चार वायरी एका ठिपक्यात जोडण्याची. झेरॉक्समध्ये ठिपका उडाला की जोड गेला, शाईचा डाग पडला की नको तिथे जोड झाला. एक वायर ग्रिडच्या एका घराने सरकवा, दोन ‘टी’ जोड होतील. मग ठिपका असो वा पुसलेला, वाचणारा अडत नाही. सॉफ्टवेअर चार वायरींचा जोड चालवून घेतं, मी घेत नाही.

बाकीच्या चुका पटकन सांगतो. सप्लाय वर, ग्राउंड खाली, सिग्नल डावीकडून उजवीकडे. ४.७के ऐवजी ४के७ लिहा, दशांशचिन्ह हमखास पुसतं. एकीकडे ‘आरएसटी’ आणि दुसरीकडे ‘रिसेट’ असं लेबल दिलंत तर सॉफ्टवेअरच्या लेखी ती दोन वेगळी नेट (एकमेकांना न जोडलेल्या तारा) आहेत. ७४०० या लॉजिक आयसीमधल्या गेट्सना सप्लाय लागतो, १४ आणि ७ नंबरच्या पिना दाखवा. १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर ज्या आयसीचा, त्याच्याच शेजारी काढा. सगळे कोपऱ्यात रांगेने उभे केले की लेआउट करणारा त्यांना बोर्डावरही लांबच बसवतो.

आणि ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता जोडणी करायच्या बोर्डाच्या) फोटोवरून थेट पीसीबीला हात घालू नका. घाई असेल तर आधी पेन्सिलीने रफ कागदावर काढा. तिथे खोडायला पैसे पडत नाहीत.